दुकान दिसतंय, पण वाट कुठाय? ऑक्सफर्डच्या गल्ल्यांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ऑक्सफर्डवर दोन पानं लिहिली होती. मुद्दा एवढाच होता की गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या असल्या की माणसं चालतात आणि नसल्या की अर्धा लिटर दुधालाही गाडी काढतात, आणि या शहराभोवती ज्या नव्या वस्त्या पसरल्यात त्यांत ही जोडणीच गायब आहे. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. काही प्रेमळ आहेत, काही अजिबात नाहीत. निवडक घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही डिडकॉटला नव्या वस्तीत राहतो, नवऱ्याचं ऑफिस ऑक्सफर्डला. माझे आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. किचनच्या खिडकीतून सुपरमार्केटचा बोर्ड दिसतो, बाबा रोज चहा पिताना तो बोर्ड बघत बसतात, पण चालत जायचं तर अख्ख्या वस्तीला वळसा घालून मेन रोडने पंचवीस मिनिटं. बाबा म्हणतात, सदाशिव पेठेत मी एका वाड्यातून शिरून दुसऱ्या रस्त्याला निघायचो, इथे एवढ्या शहाण्या लोकांना एक बोळ काढता येत नाही का? काय सांगू त्यांना?
– एक वाचक, डिडकॉट

उत्तर : बाबांना सांग की बोळ काढता येतो, काढलेला नाहीये, आणि त्यामागे कारणं आहेत, काही मूर्ख, काही पैशाची.

आधी एक उद्योग कर. मॅपवर घरापासून दुकानापर्यंत सरळ रेघेत अंतर मोज, मग चालायच्या वाटेने मोज, आणि दुसऱ्याला पहिल्याने भाग. उत्तर एक आलं तर तू कावळा आहेस. काटकोनात कापणाऱ्या जुन्या गल्ल्यांची वस्ती असली तर कितीही तिरकं जायचं असलं तरी आकडा फारतर १.४१ होतो (शाळेतला चौरसाचा कर्ण आठव), तुझ्याकडे तीन-चार आला तरी मला नवल वाटणार नाही. आमच्या धंद्यात गल्ल्यांची जोडणी मोजायच्या ज्या साध्या पद्धती आहेत त्यातली ही एक. दुसरी म्हणजे बंद गल्ल्यांची टोकं मोजणं, आणि तिसरी प्रत्येक चौकात किती रस्ते येऊन मिळतात ते बघणं.

आता हे असं झालं कसं. पूर्व ऑक्सफर्डातल्या जुन्या चाळीसारख्या घरांच्या ओळी बघ, तिथे गल्लीतून गल्ली निघते, कारण १८७५ च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतर गावोगावच्या नियमांनी रस्ता रुंद हवा, सरळ हवा, हवा खेळती हवी असं ठरवून टाकलं होतं. मग रेमंड अनविन वगैरे नगररचनाकार मंडळींना ते सगळं रुक्ष वाटायला लागलं. लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी १९०६ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेऊन त्यांनी छोट्या बंद गल्ल्या काढल्या, ज्यांना इथे कल-डी-सॅक म्हणतात. त्या सुंदर होत्या हे मान्य करायलाच हवं, आणि पायी जायच्या वाटा त्यांनी ठेवल्या होत्या. पुढच्यांनी गल्ली उचलली आणि वाट विसरले. शहरांतल्या वाहतुकीवरच्या १९६३ च्या सरकारी ब्यूकॅनन रिपोर्टने सांगितलं की जिथे घरं आहेत तिथून परक्या गाड्या जाता कामा नयेत (यात चूक काय, काहीच नाही), १९७७ मध्ये डिझाइन बुलेटिन ३२ नावाची सरकारी पुस्तिका आली, तिच्यात मोठा रस्ता, मग मधला, मग छोटा, मग बंद टोक अशी झाडाच्या फांद्यांसारखी उतरंड, आणि वस्त्या आखणाऱ्यांनी ती पोथीसारखी वाचली. त्यात १९८९ पासून पोलिसांची सिक्युअर्ड बाय डिझाइन योजना, तिचं म्हणणं मागच्या बोळांतून चोर पळतात. २००७ मध्ये मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स आलं, जुनी पुस्तिका रद्द झाली, रस्ते एकमेकांना जोडा असं स्पष्ट लिहिलं गेलं. पण तोवर तीस वर्षांची सवय लागलेली, आणि सवय पुस्तिकेने जात नाही.

आणि आता पैशाचं. बिल्डर आपल्या जमिनीच्या कडेला कधीकधी फूटभर रुंदीची पट्टी स्वतःकडे ठेवतो, रस्ता तिच्या अलीकडे संपवतो. याला रॅन्सम स्ट्रिप म्हणतात, शब्दशः खंडणीची पट्टी. शेजारच्याला उद्या त्याच्या जमिनीवर घरं बांधायची असली तर या पट्टीवरून रस्ता न्यावा लागतो आणि मग हा म्हणतो, काढा पैसे. किती? १९६१ च्या स्टोक्स विरुद्ध केंब्रिज या खटल्यात ठरलं की जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा एक-तृतीयांश, आणि वाटाघाटी आजही बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. एक फूट माती आणि तिसरा हिस्सा! तुझ्या खिडकीसमोरच्या कुंपणाखाली तशी पट्टी आहे की नाही हे लँड रजिस्ट्रीतून थोडी फी भरून कळतं, बघ एकदा. आणखी एक शक्यता म्हणजे तुमचे आतले रस्ते काउंटी कौन्सिलने (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) ताब्यातच घेतलेले नसतील, तुम्ही दरवर्षी मेंटेनन्स चार्ज भरत असाल, मग शेजारीच म्हणतात की आमच्या पैशाच्या रस्त्यावरून बाहेरचे कशाला. हे मी सोसायट्यांच्या मीटिंगांत स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि म्हणणारे आपलेही लोक होते.

प्रश्न : मॅम, मी कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणाले की ऑक्सफर्डमध्ये गरीब लोकांनी आपल्या रस्त्यावर येऊ नये म्हणून भर रस्त्यात भिंत बांधली होती. खरं का? आम्ही वर्गात हसलो, वाटलं सर रंगवून सांगतायत.
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : सरांची माफी माग. एक नाही, दोन भिंती होत्या.

उत्तर ऑक्सफर्डात कटस्लो म्हणून भाग आहे. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, तिथे भाड्याची घरं बांधली, काही कुटुंबं शहरातल्या पाडलेल्या जुन्या वस्त्यांमधून आली. त्याच्या लगेच शेजारी, बॅनबरी रोडच्या बाजूला, एका खाजगी कंपनीने विकायची घरं बांधली. दोन्हीकडचे रस्ते समोरासमोर आले आणि जुळले, नकाशावर अगदी सरळ. आणि कंपनीला वाटलं की शेजारी हे लोक दिसले तर आपली घरं कोण घेणार. म्हणून १९३४ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या, माणसापेक्षा उंच, वर लोखंडी खिळे. कौन्सिलच्या घरातल्या बाईला समोर दिसणाऱ्या रस्त्याने बॅनबरी रोडला, बसला, दुकानाला जायचं तर आता सहाशे मीटरच्या वर जादा फेरा. बाबागाडी ढकलत. इंग्लंडच्या पावसात.

१९३५ च्या मे महिन्यात एब लाझारस नावाच्या कम्युनिस्ट पुढाऱ्याने मोर्चा काढला, कुदळी-फावडी घेऊन लोक गेले, पोलिसांनी अडवलं. १९३८ मध्ये खुद्द कौन्सिलने रोडरोलर आणून भिंती पाडल्या, कंपनी कोर्टात गेली, कोर्ट म्हणालं कौन्सिलला असा अधिकारच नाही, आणि भिंती पुन्हा उभ्या राहिल्या! युद्धाच्या काळात सरावाला निघालेला एक रणगाडा एका भिंतीतून आरपार गेला म्हणतात, तीही पुन्हा बांधली. शेवटी १९५९ च्या मार्चमध्ये कौन्सिलने भिंतीखालची जमिनीची चिंचोळी पट्टी सक्तीने विकत घेतली, एक हजार पौंड मोजून, आणि मग पाडल्या. पंचवीस वर्षं लागली. वरच्या उत्तरातली पट्टी आठवली ना? तीच गोष्ट, फक्त तेव्हा वर विटा होत्या.

आज तिथे जाशील तर भिंत नाही, पण नावं बघ. एकच सरळ रस्ता, पण भिंतीच्या जागेच्या एका बाजूला वोल्सी रोड आणि दुसऱ्या बाजूला कार्लटन रोड, दुसरीकडे तसंच ऑल्ड्रिच रोडचा एकदम वेंटवर्थ रोड होतो. मी नव्याने इथे आले तेव्हा मला वाटलं पाटी चुकलीये.

तुझ्या प्रोजेक्टसाठी एक सांगते. त्या भिंतीने गाड्या अडवल्या नव्हत्या, कौन्सिलच्या घरांत तेव्हा गाड्या होत्याच किती? तिने पाय अडवले. हे लक्षात ठेव, पुढच्या पत्रात लागणार आहे.

प्रश्न : तुमचं काय ते एकदा ठरवा. मागच्या अंकात तुम्ही रस्ते जोडा जोडा म्हणून कंठशोष केला आणि त्याच लेखात काउलीतल्या एलटीएनचं (लो ट्रॅफिक नेबरहुड, म्हणजे गल्ल्यांतून आरपार जाणाऱ्या मोटारी अडवणारी योजना) कौतुक. मी काउलीत राहते, जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलला नाइट ड्यूटी करते. आमच्या भागातल्या गल्ल्या २०२१ मध्ये बंद केल्या, जो रस्ता सरळ होता तिथे मध्ये खांब आणि झाडांच्या कुंड्या, मला आता फिरून जावं लागतं. ही भिंत नाही तर काय आहे?
– एक चिडलेली वाचक, ऑक्सफर्ड

उत्तर : चिडा, तुमचा हक्क आहे, आणि नाइट करून सकाळी फिरून घरी येणाऱ्या माणसाला मी तत्त्वज्ञान सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच, तरी सांगते कारण प्रश्न अगदी वर्मावर आहे.

रस्ता जोडलेला आहे का, असं आपण विचारतो तेव्हा पुढचा प्रश्न गिळतो, कुणासाठी? कटस्लोच्या भिंतीने चालणाऱ्याला अडवलं. डिडकॉटच्या कुंपणाने चालणाऱ्याला अडवलंय आणि गाडीला मेन रोड मोकळा ठेवलाय, म्हणजे गाडीवाल्याला पाच मिनिटं आणि पायी जाणाऱ्याला पंचवीस. एलटीएनमधल्या खांबामधून तुम्ही चालत जाता, सायकल जाते, बाबागाडी जाते, व्हीलचेअर जाते, फक्त मोटार फिरून जाते. नकाशावर तिन्ही ठिकाणी रस्ता ‘बंद’ दिसतो पण ती तीन वेगळी बंदं आहेत. माझं म्हणणं असं की पायांसाठी जाळं शक्य तितकं दाट असावं, आणि मोटारींसाठी ते तितकं दाट असायची गरज नाही.

आता जिथे तुम्ही बरोबर आहात ते. गल्ल्यांमधून हटवलेल्या गाड्यांपैकी काही नाहीशा होतात पण काही काउली रोड, इफ्ली रोड, सेंट क्लेमेंट्सवर येतात, आणि तिथेही माणसं राहतात, बहुतेक दुकानांच्या वरच्या भाड्याच्या खोल्यांत. बस त्याच गर्दीत अडकते. हे तिन्ही रस्ते द प्लेन नावाच्या राउंडअबाउटला मिळतात आणि पुढे चेरवेल नदीवर मॉडलिन ब्रिज (लिहितात मॅग्डालेन, म्हणतात मॉडलिन, इथे आल्यावर पहिल्या दिवशी सगळे चुकतात). पूर्वेकडून गावात शिरायची मुख्य वाट ती एकच, बाकी मार्स्टन फेरी रोड किंवा खाली थेम्सवरचा १९६२ चा डॉनिंग्टन ब्रिज, नाहीतर थेट रिंग रोड. दोन नद्या आणि त्यांची पूररेषा, त्यामुळे या शहरात जोडणी मुळातच तुटपुंजी. १९४८ मध्ये थॉमस शार्प या नगररचनाकाराने सुचवलं होतं की क्राइस्ट चर्च मेडोतून नवा रस्ता काढा म्हणजे हाय स्ट्रीट मोकळा होईल, त्यावर पुढे वीस-पंचवीस वर्षं भांडणं झाली, रस्ता काही झाला नाही. त्याऐवजी शहराने १९७३ मध्ये रेडब्रिजला पार्क अँड राइड (गाडी शहराच्या कडेला लावून बसने आत यायची सोय) सुरू केलं, ब्रिटनमधलं पहिलं कायमचं. म्हणजे गाड्यांना नवी वाट द्यायची नाही हे इथे पन्नास वर्षांपूर्वीच ठरलंय, एलटीएन हे त्याच भांडणाचं नातवंड.

पूर्व ऑक्सफर्डात २०२२ मध्ये खांब बसवले तेव्हा लोकांनी ते उखडले, चिरडले, जाळलेसुद्धा. मी तिथेच राहते, आमच्या कोपऱ्यावरचा खांब किती वेळा बदलला याचा हिशोब सोडून दिला. शेवटी काही ठिकाणी कॅमेरे आले. तुमच्यासारख्या रात्रपाळीवाल्यांना कॅमेऱ्याच्या ठिकाणी सूट मिळावी, असं मला वाटतं, आणि काउंटी कौन्सिलला मी तसं लिहिलंही आहे. खांब काही सूट देत नाही, तो खांबच.

प्रश्न : ऑक्सफर्डमध्ये लोकांना पंधरा मिनिटांच्या अंतराबाहेर जायला परवानगी लागते असा व्हॉट्सअ‍ॅप आला. माझी भाची तिथे शिकायला जाणार आहे. जाऊ द्यावं का?
– एक काका, ठाणे

उत्तर : काका, बिनधास्त जाऊ द्या. दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झालीय. एक, दुकान-शाळा-दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांत असावा अशी पॅरिसचे प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांची कल्पना, ती सिटी कौन्सिलच्या कागदात आली. दोन, काउंटी कौन्सिलची सहा रस्त्यांवर कॅमेरे लावायची योजना, की ठराविक वेळेत खाजगी मोटार तिथून गेली तर दंड, आणि शहरातल्या रहिवाशांना वर्षाला शंभर दिवसांची सूट. मोटारीलाही रिंग रोडने फिरून कुठेही जाता येतं. चालणाऱ्याला, बसला, सायकलला काहीच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत यावर शहरात मोठा मोर्चा निघाला, बाहेरगावाहूनही लोक आले होते, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉटली रोड हा पश्चिमेकडचा रस्ता रेल्वे स्टेशनजवळच्या पुलाखाली रेल्वेच्या कामासाठी गाड्यांना खरोखरच बंद झाला, काही महिन्यांचं काम वर्षानुवर्षं लांबलं, पश्चिमेकडचं गाव गाड्यांसाठी अर्धं तुटलं, त्याला मात्र कुणी तुरुंग म्हटलं नाही. ते कॅमेरे बॉटली रोडसाठीच खोळंबले, मधल्या काळासाठी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच सहा ठिकाणी पाच पौंडांचा चार्ज आला. भाचीला सांगा सायकल सेकंडहँड घे आणि कुलूप मात्र चांगलं घे.

प्रश्न : आमचा मुलगा ऑक्सफर्डला संशोधन करतो पण राहतो विटनीला, रोजचा जाऊन-येऊन बराच वेळ बसमध्ये. शहराच्या कडेला एवढी मोकळी शेतं व्हिडिओ कॉलवर दिसतात, मग तिथे घरं का बांधत नाहीत?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ती शेतं म्हणजे ग्रीन बेल्ट. १९५५ मध्ये सरकारने गावोगावच्या कौन्सिलांना पत्रक काढलं की शहरांभोवती हिरवे पट्टे राखा, ऑक्सफर्डचा पट्टा १९७५ मध्ये पक्का झाला. हेतू चांगला, शहर रस्त्यांच्या कडेकडेने ओघळत जाऊ नये. झालं असं की शहर ओघळलं नाही, त्याने उडी मारली. विटनी, बिस्टर, डिडकॉट, अ‍ॅबिंग्डन, पट्ट्याच्या पलीकडे घरं वाढत गेली आणि नोकऱ्या राहिल्या ऑक्सफर्डातच, दवाखान्यांत, विद्यापीठात, काउलीच्या मोटार कारखान्यात. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख बासष्ट हजार, पण पगाराच्या मानाने घरांच्या किमती देशातल्या सगळ्यात न परवडणाऱ्यांपैकी. मधली शेतं पार करायला रोज हजारो गाड्या. बिस्टरला निदान रेल्वे आहे, विटनीची पॅसेंजर गाडी १९६२ मध्येच बंद झाली, आता फक्त ए४० हा मोठा रस्ता, आणि ए४० म्हणजे सकाळी साडेसातला पार्किंगच.

माझं मत विचाराल तर पट्टा पूर्ण उठवू नये पण कडेला, जिथे बस आधीच जाते तिथे, थोडा सैल करावा. हे बोललं की इथे निम्मे मित्र चहाला बोलवत नाहीत. आणि कडेला बांधलं तरी जोडलं पाहिजे. बार्टन ही जुनी कौन्सिलची वस्ती रिंग रोडच्या बाहेर, कित्येक वर्षं शहराकडे यायला पायी वाट म्हणजे ए४० खालचा भुयारी बोळ. शेजारी आता बार्टन पार्क झालंय, आठशे पंच्याऐंशी घरांचं, तिथे रस्त्याच्या पातळीवर सिग्नल बसवला. साधा सिग्नल, पण म्हातारी माणसं आता भुयारात न उतरता पलीकडे जातात.

प्रश्न : आमच्या मिल्टन कीन्सला या! इथे चौकटीचे रस्ते आहेत, सगळं जोडलेलं. ऑक्सफर्डचं रडगाणं कशाला?
– एक अभिमानी वाचक

उत्तर : येते, पण तुमच्या चौकटी कुणाच्या आहेत ते बघा. १९६७ मध्ये नव्या शहराची घोषणा झाली, साधारण किलोमीटर-किलोमीटरवर आडवे एच आणि उभे व्ही रस्ते, सुसाट. ती चौकट मोटारीची आहे, प्रत्येक चौकोनाच्या आत शिरलात की पुन्हा त्याच बंद गल्ल्या. चालणाऱ्यासाठी तुमच्याकडे रेडवे आहेत, लाल डांबराच्या वाटा, मोठ्या रस्त्यांच्या खालून जाणाऱ्या, आणि त्याबद्दल मला तुमचा हेवा वाटतो हे कबूल. पण संध्याकाळी सहानंतर डिसेंबरात त्या भुयारातून एकटी बाई किती जाते, हे बायकोला किंवा मुलीला विचारून मला कळवा. वाण्याचं सामान पोचवणारे ते छोटे रोबो मात्र २०१८ पासून मजेत फिरतायत, त्यांना भीती वाटत नाही.

प्रश्न : आम्ही अ‍ॅबिंग्डनला बावीस वर्षं राहतोय. घरामागून शाळेकडे जाणारी एक पायवाट होती, मुलांना तिथूनच सोडायचो, सगळेच जायचे. गेल्या महिन्यात जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने फाटक लावून कुलूप घातलं. काही करता येईल?
– वाचक दांपत्य

उत्तर : येईल, आणि या सगळ्या पत्रांत हे एकच असं आहे की ज्यात मी आनंदाने सांगू शकते की कायदा तुमच्या बाजूने असू शकतो. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम ३१ म्हणतं की लोकांनी वीस वर्षं सलग, उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न मागता एखादी वाट वापरली तर ती सार्वजनिक झाली असं धरतात. वीस वर्षं मोजायची ती अडवलं त्या तारखेपासून मागे, म्हणून फाटकाचा फोटो तारखेसकट आजच काढा. मधल्या काळात जुन्या मालकाने ‘ही सार्वजनिक वाट नाही’ अशी पाटी लावली होती का, किंवा कौन्सिलकडे तसं लिहून दिलं होतं का, हे आधी शोधा, कारण तसं असेल तर दावा तिथेच पडू शकतो. नसेल तर काउंटी कौन्सिलकडे नकाशात वाट नोंदवायचा अर्ज करा, सोबत शेजाऱ्यांचे जबाब, कुणी कधीपासून, किती वेळा, कशासाठी. तुमची बावीस वर्षं चांगली आहेत पण एकट्याची पुरत नाहीत, आठ-दहा घरं गोळा करा, शाळेच्या दारात जुने फोटो असणाऱ्या आया भेटतील, त्यांना धरा. वेळ लागतो, कधीकधी वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी फोन करत राहा.

आणि कितीही राग आला तरी फाटकाला हात लावू नका. १९३८ च्या रोडरोलरचं पुढे काय झालं ते वर वाचलंतच.